विश्लेषण : आठ मात्रांची चाल आणि रात्रभर नाच... ब्रिटनीचे फिडल हरवले कसे आणि परतले कसे?

‘यूट्यूब’वर ‘केल्टिक फिडल’ असे टाइप केले, की बहुतेक वेळा आयर्लंड आणि स्कॉटलंडचे व्हिडीओ समोर येतात. मात्र फ्रान्सच्या वायव्य टोकाला, अटलांटिक महासागरात घुसलेल्या ब्रिटनी या प्रांतातही फिडलची स्वतःची परंपरा आहे. तिथे ते शांतपणे बसून ऐकण्यासाठी कमी आणि शेकडो माणसांना एका साखळीत नाचवण्यासाठी जास्त वाजते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे वाद्य तिथल्या गावांतून जवळपास हद्दपार झाले होते. आज ते पुन्हा मंचावर आहे. पण ज्या भाषेतून या नाचाच्या चाली आल्या, ती भाषा बोलणारेच झपाट्याने कमी होत आहेत. हे सगळे प्रकरण नेमके काय आहे, ते समजून घेऊ.

ब्रिटनी कुठे आहे? तिथली भाषा कोणती?

ब्रिटनी हा फ्रान्समधील द्वीपकल्पासारखा प्रदेश. रेन हे त्याचे मुख्य शहर. साधारण पाचव्या-सहाव्या शतकात समुद्रापलीकडच्या ग्रेट ब्रिटनमधून लोक इथे येऊन स्थायिक झाले आणि त्यांच्याबरोबर त्यांची केल्टिक भाषा आली. तीच पुढे ब्रेटन झाली. ती फ्रेंचची बोली नाही. तिचे जवळचे नाते वेल्श आणि कॉर्निश या भाषांशी आहे. १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सच्या राज्यात विलीन झाली.

प्रदेशाचे दोन भाग पडतात. पश्चिमेकडील ‘खालची ब्रिटनी’ परंपरेने ब्रेटन बोलणारी, तर पूर्वेकडील ‘वरची ब्रिटनी’ गॅलो बोलणारी. गॅलो ही फ्रेंचच्या कुळातली भाषा. फिडलची गोष्ट समजण्यासाठी हा पूर्व-पश्चिम फरक महत्त्वाचा आहे, कारण दोन्हीकडचे नाच वेगळे, वाद्येही वेगळी.

‘फेस्ट-नोझ’ म्हणजे काय?

ब्रेटन भाषेत ‘फेस्ट’ म्हणजे उत्सव आणि ‘नोझ’ म्हणजे रात्र. मध्य ब्रिटनीत शेतकरी एकमेकांच्या शेतात राबायला जात. काम संपले, की त्याच अंगणात रात्री गाणे आणि नाच होई. घराची किंवा खळ्याची मातीची जमीन नवी करायची असेल, तर शेजारीपाजारी बोलावून ती नाचून नाचून घट्ट केली जाई. म्हणजे नाच हा करमणुकीचा भाग होता तसा कामाचाही.

यंत्रे आली, शेतीची पद्धत बदलली आणि हे मेळावे थांबत गेले. १९५०च्या दशकात लोएझ रोपार्स यांनी पुलावेन परिसरात जुन्या गायकांना पुन्हा मंचावर आणले आणि अंगणातला फेस्ट-नोझ सभागृहात सुरू केला. आजचा फेस्ट-नोझ हा त्याचाच वारसा. गावचे सभागृह, एका बाजूला मंच, मधली जागा मोकळी. तिकीट काढून कोणीही यावे आणि साखळीत हात गुंफावा. डिसेंबर २०१२ मध्ये युनेस्कोने फेस्ट-नोझचा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. त्या नोंदीनुसार वर्षाला सुमारे एक हजार फेस्ट-नोझ होतात आणि एकेका ठिकाणी शंभरपासून काही हजारांपर्यंत लोक जमतात.

नाच कसा असतो? त्याच्या चाली कशा बांधलेल्या असतात?

बहुतेक जुने नाच साखळीचे किंवा गोलाचे. हात किंवा करंगळ्या गुंफायच्या आणि सगळी साखळी डावीकडे सरकत राहायची. एकट्याने चमकायला फारसा वाव नसतो. सगळ्यांचे पाऊल एकाच क्षणी पडले पाहिजे, हाच त्यातला आनंद.

प्रत्येक भागाचा नाच वेगळा. डोंगराळ भागातली ‘गावोत’ आठ मात्रांच्या आवर्तनाची. दक्षिणेकडील व्हान परिसरातला ‘आन द्रो’, म्हणजे ‘फेरा’, हा सर्वांत सोपा आणि नवख्यांना सर्वांत आधी शिकवला जाणारा. ‘हान्तेर द्रो’, म्हणजे ‘अर्धा फेरा’, तीनच्या पटीत चालतो आणि त्यात शेजाऱ्याचा हात घट्ट धरलेला असतो. ‘रिदे’ सहा मात्रांची, तर ‘लारिदे’ आठ मात्रांचा. मध्य ब्रिटनीतले ‘प्लिन’ आणि ‘फिझेल’ हे दमछाक करणारे नाच. वरच्या ब्रिटनीत ‘आव्हाँ-दॅ’ हा समोरासमोर पुढे-मागे जाण्याचा नाच लोकप्रिय. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातल्या ‘क्वाड्रिल’ या शहरी नाचात आहे.

चाली छोट्या असतात. पहिली ओळ दोनदा, दुसरी ओळ दोनदा, आणि पुन्हा सुरुवात. स्वरांची झेप बेताची; पुष्कळदा पाच-सहा स्वरांतच सगळा खेळ. गावोतीसारखे नाच तीन भागांच्या मालिकेत येतात. आधी ‘तोन सिम्पल’ ही साधी चाल, मग ‘ताम क्रेझ’ म्हणजे मधला तुकडा, ज्यात नाचणारे थोडा दम खातात, आणि शेवटी ‘तोन दुब्ल’, जिथे दुसरी ओळ लांबते आणि जोर वाढतो. झाँ-मिशेल गिल्शेर या संशोधकाने गावोगाव फिरून हे नाच तपासले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो.

‘कान हा दिस्कान’ समजल्याशिवाय फिडल का समजत नाही?

कारण या चाली मुळात गळ्यातल्या आहेत. ‘कान हा दिस्कान’ म्हणजे गाणे आणि उलट गाणे. दोन गायक शेजारी शेजारी उभे राहतात. वाद्य नाही. पहिला ओळ गातो. ओळीचे शेवटचे काही शब्द येताच दुसरा त्यात सूर मिळवतो आणि मग तीच ओळ एकटा गातो. तिच्या शेवटी पहिला पुन्हा सामील होतो. घराच्या छपरावरची कौले जशी एकमेकांवर थोडी चढवलेली असतात, तशा या ओळी एकमेकांवर चढतात. त्यामुळे आवाजात कुठेच खंड पडत नाही आणि नाचणाऱ्यांना पाऊल टाकायला सतत आधार मिळतो.

हीच पद्धत वाद्यांनी उचलली. खालच्या ब्रिटनीची ठरलेली जोडी म्हणजे बॉम्बार्ड आणि बिनिऊ. बॉम्बार्ड हे सनईच्या जातीचे, दोन पात्यांचे, कर्कश म्हणावे इतके मोठ्या आवाजाचे वाद्य. बिनिऊ म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायचे छोटे वाद्य, बॉम्बार्डपेक्षा एक सप्तक वर वाजणारे. बॉम्बार्ड वाजवणाऱ्याला दम घ्यावा लागतो, म्हणून तो एक ओळ वाजवून थांबतो. पिशवीत हवा साठवलेली असल्याने बिनिऊ मात्र थांबत नाही.

फिडलवाला याच जगातून शिकतो. दोन फिडल असतील, तर एकाने सुरू केलेली ओळ दुसरा शेवटच्या स्वरांवर उचलतो. कधी एक जण खालच्या सप्तकात, दुसरा वरच्या, म्हणजे बॉम्बार्ड-बिनिऊच्या जोडीसारखे. एकटाच असेल, तर शेजारची मोकळी तार धरून ठेवून बिनिऊच्या सततच्या सुराची आठवण करून देतो.

जुन्या ब्रिटनीत फिडल होते कुठे?

मुख्यतः पूर्वेकडे, म्हणजे वरच्या ब्रिटनीत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या गावांमध्ये फिडलवाल्याला ‘व्हिओलोनॅ’ म्हणत. वाद्य तेच, ज्याला शहरात व्हायोलिन म्हणतात. शिक्षण, पकड आणि काम वेगळे. व्हिओलोनॅ बहुतेकदा ऐकून शिकलेला असे. वाद्य हनुवटीखाली दाबण्याऐवजी छातीला टेकवून धरण्याची पद्धत सर्रास होती. डावा हात मानेवर वरखाली फारसा सरकत नसे, कारण चालींना तेवढ्या स्वरांची गरजच नव्हती.

सगळी कमाल उजव्या हाताची. गजाचा कोणता फटका जड आणि कोणता हलका, यावर नाचणाऱ्याचे पाऊल ठरते. सोबतीला पायाचा ठेका. लग्नात व्हिओलोनॅ वरातीच्या पुढे चालत वाजवी आणि मग रात्री नाचासाठी बसे. एका माणसात अख्खा वाद्यवृंद.

मग फिडल मागे का पडले?

पहिले कारण आवाजाचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बटणांचे छोटे अकॉर्डियन गावांत पोहोचले. ते फिडलपेक्षा मोठ्याने वाजते, चालीबरोबर खर्जाची साथही देते आणि त्याचा सूर दर वेळी जुळवावा लागत नाही. चार महिन्यांत एखादा तरुण लोकांना नाचवू शकेल, असे वाद्य आणि वर्षानुवर्षे मेहनत मागणारे वाद्य यांच्या स्पर्धेत कोण जिंकणार, हे उघड होते.

दुसरे कारण नाचाचे. अकॉर्डियनबरोबर पोल्का, मझुर्कासारखे जोडीचे नाच आले. धर्मगुरूंना ते खपले नाहीत; अकॉर्डियनला ब्रेटनमध्ये ‘सैतानाची पेटी’ असे नाव पडले. तरीही तरुणांची पसंती तिकडेच वळली. तिसरे कारण पहिल्या महायुद्धाचे. एक पूर्ण पिढी खंदकांत गेली, गावे बदलली आणि नंतर ड्रम, सॅक्सोफोनचे बँड आले. साखळीचे नाच आणि त्यांच्याबरोबर फिडलही म्हाताऱ्यांपुरते उरले.

ते परतले कसे?

१९७०च्या दशकात. फेब्रुवारी १९७२ मध्ये हार्पवादक आणि गायक आलान स्तिव्हेल यांचा पॅरिसच्या ‘ऑलिंपिया’ सभागृहात कार्यक्रम झाला. रेडिओवरून त्याचे थेट प्रक्षेपण झाले आणि ब्रेटन संगीत फ्रान्सभर पोहोचले. इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या त्या ताफ्यात फिडलही होते. ते वाजवत होते रने व्हेरनेर. त्याच वर्षी ‘दास्तुम’ ही संस्था सुरू झाली. या ब्रेटन शब्दाचा अर्थच ‘गोळा करणे’. तरुण मुले टेपरेकॉर्डर घेऊन गावागावांत गेली आणि वृद्ध गायक-वादकांच्या चाली ध्वनिमुद्रित करू लागली. वरच्या ब्रिटनीत उरलेल्या व्हिओलोनॅंच्या चालीही अशाच वाचल्या. ‘दास्तुम’चा संग्रह आता इंटरनेटवर ऐकता येतो.

पुढच्या पिढीने फिडलला पश्चिम ब्रिटनीच्या नाचातही आणले. ‘कोर्नोग’ आणि ‘पेनू स्कूल्म’ या गटांतील क्रिस्तियाँ लमॅत्र, ‘ग्वेर्झ’मधील झाकी मोलार, ‘स्कोल्व्हान’मधील फाँश लाँद्रो ही त्यातली ठळक नावे. लमॅत्र यांनी आयर्लंडचे केव्हिन बर्क आणि स्कॉटलंडचे जॉनी कनिंगहॅम यांच्यासोबत ‘केल्टिक फिडल फेस्टिव्हल’ हा त्रिकुटाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांचा पहिला अल्बम १९९३ मध्ये आला आणि तीन देशांची तीन फिडल एकाच मंचावर ऐकणाऱ्यांना ब्रेटन चालीचे वेगळेपण लगेच कळले.

यात तंत्रज्ञानाचाही वाटा मोठा. आवाज कमी म्हणून जे वाद्य हरले, त्याच्या समोर आता मायक्रोफोन आला. ध्वनिवर्धकामुळे फिडल, बासरी आणि गिटार यांना हजार नाचणाऱ्यांच्या सभागृहात बॉम्बार्डच्या बरोबरीने उभे राहता आले. माइक नसता, तर आजचे फेस्ट-नोझ बँड या रूपात शक्यच नव्हते.

अकॉर्डियनला जमत नाही ते फिडलला कसे जमते?

अकॉर्डियन आणि आपली बाजाची पेटी एकाच तत्त्वावर चालतात. हवेने धातूची पट्टी कंप पावते आणि प्रत्येक पट्टीचा सूर कारखान्यातच पक्का झालेला असतो. आजच्या प्रमाणित पद्धतीत सप्तकाचे १२ समान भाग पाडले जातात आणि प्रत्येक भाग १०० सेंट्सचा मानतात. त्या हिशेबाने कोमल गंधार ३०० सेंट्सवर, शुद्ध गंधार ४०० वर. या दोघांच्या मधला सूर पेटीवर नाहीच.

जुन्या ब्रेटन गायकांच्या गळ्यात मात्र असे मधले सूर सापडतात. गंधार ना पूर्ण कोमल, ना पूर्ण शुद्ध. पाश्चात्त्य शाळेत शिकलेल्या कानाला तो बेसूर वाटतो. प्रत्यक्षात ती त्या परंपरेची ओळख आहे. फिडलच्या मानेवर पडदे नसतात, त्यामुळे बोट केसभर मागे-पुढे सरकवून तो सूर धरता येतो. म्हणूनच गळ्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या वाद्यांमध्ये ते बसते.

आयरिश फिडलपेक्षा वेगळे काय?

आयरिश ‘रील’मध्ये वेगवान स्वरांची अखंड माळ असते आणि चालीचा एक भाग साधारण आठ मापांचा. ब्रेटन चाल त्यापेक्षा आखूड आणि सारखी परत येणारी. पहिल्यांदा ऐकताना ‘हे एकच का वाजवत आहेत?’ असे वाटू शकते. पण नीट ऐकले, तर प्रत्येक फेरीत एखादा स्वर बदललेला असतो, एखादा आघात पुढे सरकलेला असतो. नाचणाऱ्याला हळूहळू गुंगी यावी, हाच पुनरावृत्तीचा हेतू.

१९७०च्या दशकात फिडल उचललेल्या अनेक ब्रेटन तरुणांवर आयरिश संगीताचा मोठा प्रभाव होता. त्यामुळे आयरिश नक्षी ब्रेटन चालीत शिरली. ती कानाला गोड लागते. पण नक्षी जास्त झाली, की गजाचा आघात बोथट होतो आणि साखळीचे पाऊल चुकते. म्हणून शिकवताना अनेकदा आधी चाल गायला, मग तिच्यावर नाचायला आणि शेवटी ती वाजवायला लावतात.

भारताशी काही धागा आहे का?

आहे. ब्रेटन गायक एरिक मार्शां यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला गिटार आणि ऊद वाजवणारे तिएरी रोबँ आणि राजस्थानचे तबलावादक हमीद खान यांच्यासोबत त्रिकूट केले. ब्रेटन गाण्यात एकावर एक सुरांचे थर नसतात; एकच चाल पुढे सरकते आणि तिचे सौंदर्य सुरांच्या जागांमध्ये असते. ही रचना भारतीय रागसंगीताला जवळची. म्हणूनच तबला तिथे उपरा वाटला नाही. मार्शां यांनीच पुढे ‘क्रेझ ब्रेझ अकादमी’ हा उपक्रम सुरू केला, ज्यात तरुण वादकांना जुन्या गळ्यातले सूर वाद्यवृंदात कसे आणायचे ते शिकवले गेले.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आधी कान हा दिस्कानची एखादी गावोत, फक्त दोन आवाजांतली. मग बॉम्बार्ड-बिनिऊवर तोच नाच. त्यानंतर फिडल असलेला एखादा गट. या क्रमाने ऐकले, तर फिडल कुठे गळ्याची नक्कल करते आणि कुठे स्वतःचे काही सांगते, ते कळते. ऐकताना टाळी द्यायचा मोह आवरून पायाने ठेका धरावा. चालीतला जोर कुठे पडतो, हे पायाला आधी समजते.

मग आता चिंता कशाची?

चिंता चालींची नाही, त्यांच्या मुळाची आहे. १९५०च्या सुमारास ब्रेटन बोलणारे दहा लाखांहून अधिक होते. २०१८ च्या पाहणीत ते दोन लाखांच्या आसपास आढळले आणि २०२४ च्या पाहणीत जेमतेम एक लाख सात हजार. एके काळी शाळेत ब्रेटन बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षा म्हणून एखादी वस्तू अडकवली जाई. पालकांनी मुलांशी फ्रेंचच बोलायचे ठरवले, त्यामागे हा अनुभवही होता. १९७७ पासून ‘दिवान’ या ब्रेटन माध्यमाच्या शाळा सुरू झाल्या. पण दरवर्षी जितके वृद्ध भाषिक जातात, तितके नवे तयार होत नाहीत.

भाषेचा आणि फिडलचा संबंध काय? ब्रेटनच्या बहुतेक बोलींत शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर पडतो, तर व्हान परिसराच्या बोलीत शेवटच्या अक्षरावर. नाचाची चाल गाताना हा जोर आपोआप ठेक्यात मिसळतो. भाषा येणाऱ्या वादकाला तो शिकावा लागत नाही. भाषा न येणाऱ्याला तो ध्वनिमुद्रणे ऐकून, परक्यासारखा शिकावा लागतो. स्वर कागदावर लिहिता येतात. हा जोर लिहिणे कठीण.

दुसरा प्रश्न नाचाच्या जागेचा. फेस्ट-नोझ मुख्यतः स्थानिक मंडळांच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालतात. २०२० मध्ये कोविडमुळे ते बंद पडले, तेव्हा वादकांना दुसरा पर्याय मैफलीचा किंवा मोबाइलच्या पडद्याचाच होता. बसलेल्या श्रोत्यांसमोर वाजवताना वेग वाढवला तरी चालतो, मधेच थांबले तरी चालते. समोर साखळी असेल, तर ते जमत नाही. दोनशे पावले चूक लगेच दाखवून देतात.

म्हणजे युनेस्कोची यादी आणि इंटरनेटवरचा संग्रह चाल जपू शकतात, पण तिचा जोर जपण्यासाठी दोन गोष्टी लागतात. ती चाल ज्या भाषेत गायली गेली ती बोलणारा कोणीतरी, आणि शनिवारी रात्री गावच्या सभागृहात करंगळी पुढे करणारा शेजारी. ब्रिटनीत आज वादकांची कमतरता नाही. पुढच्या पिढीत या दोघांची संख्या किती राहते, यावर तिथल्या फिडलचे भवितव्य ठरणार आहे.